वाचकांचे प्रश्न : बाटली टिकते, झाकण दगा देते

रोजच्या वापरातील धातूच्या पाण्याच्या बाटलीविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. वासाची तक्रार सर्वाधिक पत्रांत असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून केली आहे.

प्रश्न : स्टीलची बाटली मी रोज साबणाने धुते, तरी झाकण उघडले की कुबट वास येतो आणि पाण्यालाही तो लागतो. स्टील खराब झाले असेल का? बाटली बदलावी का?

उत्तर : बाटली बदलण्याची घाई कृपया करू नका. स्टीलच्या गुळगुळीत पृष्ठभागात वास मुरत नाही; तो मुरतो झाकणात. झाकण उलटे करून उजेडात धरलेत, तर आतल्या कडेच्या खाचेत बसवलेली सिलिकॉनची रिंग दिसेल. बोलताना आपण तिलाच वायसर म्हणतो. चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट टोकाने ती हलकेच उचलून बाहेर काढा. तिच्याखाली बहुधा काळपट, बोटाला बुळबुळीत लागणारी रेघ सापडेल. जिवाणू आणि बुरशी यांनी मिळून धरलेला हा थर असतो आणि रिंग जागेवर असताना कितीही साबण लावला, तरी तो तिथपर्यंत पोहोचत नाही. नुसते विसळूनही तो निघत नाही, घासावाच लागतो.

रिंग कोमट साबणाच्या पाण्यात चोळून धुवा, खाच दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासा आणि वास फारच मुरला असेल, तर खाण्याच्या सोड्याचा पातळ लेप दोन्हींवर अर्धा तास ठेवून धुऊन टाका. यानंतरची पायरी बहुतेकांकडून राहून जाते : रिंग आणि झाकण पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पुन्हा जोडू नका, कारण ओली रिंग खाचेत बसवली की तोच थर पुन्हा धरू लागतो. झाकणाला नळी किंवा चोच असेल, तर तिच्या आतूनही बारीक ब्रश फिरवायला हवा.

रात्री बाटलीतले उरलेले पाणी ओतून ती उघडी ठेवावी. अनेकजण बाटली सपाट ओट्यावर उपडी घालतात. त्यामुळे तोंड बंद होऊन आतली दमट हवा कोंडते आणि सकाळी तळाशी थेंब तसेच सापडतात. बाटली तिरकी टेकवून ठेवली, तर हवा खेळते आणि ती आतून खरोखर वाळते.

रिंग ही झिजणारी वस्तू आहे. ती चपटी झाली, सैल पडली किंवा तिला बारीक चीर गेली, तर बाटली गळू लागते आणि आपण झाकण अधिकाधिक जोराने पिळतो. त्यात आटेही खराब होतात. म्हणून बाटली निवडताना रिंग सहज निघते का आणि ती किंवा झाकण सुटे मिळते का, हे आधी पाहावे. माझ्या मते हा निकष रंग, आकार आणि वजन या सर्वांपेक्षा महत्त्वाचा आहे. एवढ्याशा रिंगेपायी धडधाकट बाटल्या टाकून दिल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. स्टेनलेस स्टील गंजते का? शिवाय बाटलीच्या गळ्याला चुंबक किंचित चिकटते. म्हणजे धातू हलका असावा का?

उत्तर : स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. क्रोमियमचे प्रमाण किमान १०.५ टक्के असले, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पदर तयार होतो. हा पदर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. पण ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो आपोआप भरून येतो. बाटल्यांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाटलीवर १८/८ असे कोरलेले असते, त्याचा अर्थ हाच. ३१६ या प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते आणि ती खारटपणाला अधिक टिकते.

या पदराचा मुख्य शत्रू म्हणजे क्लोराइड. मिठाचे पाणी दिवसभर भरून ठेवणे किंवा क्लोरीन असलेल्या ब्लीचने बाटली 'निर्जंतुक' करणे, यामुळे स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. तारेची घासणी वेगळे नुकसान करते : तिचे साध्या लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात अडकतात आणि तेच गंजतात. अशा वेळी डाग बाटलीचा वाटला, तरी गंज घासणीचा असतो.

आपले ठिपके कोणत्या प्रकारचे आहेत, हे पाहण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, विरघळवून ते तासभर बाटलीत ठेवा आणि मग मऊ ब्रशने घासून स्वच्छ धुवा. ठिपके गेले, तर काळजीचे कारण नाही. जड पाण्यामुळे बसलेला क्षारांचा पांढरा, खरखरीत थरही याच उपायाने निघतो. ठिपके राहिले, तर टॉर्चचा उजेड तिरपा पाडून पाहा. डागाच्या जागी खड्डा दिसत असेल किंवा घासल्यानंतर काही दिवसांत त्याच जागी तो परत येत असेल, तर ती बाटली पिण्याच्या पाण्यासाठी वापरणे थांबवावे.

चुंबकाच्या कसोटीवर विसंबू नये. ३०४ प्रतीचे स्टील मुळात जवळजवळ अचुंबकीय असते; पण दाबून, ओढून त्याला आकार दिला, की जिथे ते जास्त वळते तिथे किंचित चुंबकीय गुण येतो. गळा ही नेमकी तशीच जागा आहे.

प्रश्न : पाणी गरम ठेवणारी बाटली हातातून पडली आणि बुडाला पोचा आला. आता पाणी तासाभरात कोमट होते. दुरुस्ती होईल का?

उत्तर : घरच्या घरी होणार नाही, आणि याचे कारण तिच्या रचनेतच आहे. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने अतिथंड द्रव साठवण्यासाठी दुहेरी भिंतीचे भांडे तयार केले. आपली बाटली त्याचाच पुढचा अवतार आहे. आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती फक्त तोंडापाशी जोडलेल्या असतात आणि मधल्या फटीतली हवा काढून घेतलेली असते. हवाच नसल्यामुळे त्या फटीतून वहनाने किंवा अभिसरणाने उष्णता जवळजवळ जात नाही. जी जाते ती मुख्यतः तोंड आणि झाकण यांच्या वाटेने. आपटल्यामुळे सांध्याला केसाएवढी चीर गेली, की निर्वात जागेत हवा शिरते आणि बाटलीचा सारा गुण जातो.

खात्री करून घ्यायची असेल, तर बाटलीत उकळते पाणी भरून झाकण लावा आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. भिंत सगळीकडे गरम लागली, तर निर्वात गेले असे समजावे. नुसती तोंडाजवळची कड गरम लागत असेल आणि बाकीची भिंत थंड असेल, तर बाटली शाबूत आहे; त्या वेळी दोष झाकणाच्या रिंगेत शोधावा. गरम पाणी भरण्याआधी पाच मिनिटे उकळते पाणी आत ठेवून ओतून द्यावे, म्हणजे भिंत तापवण्यात उष्णता खर्च होत नाही.

निर्वात गेलेली बाटली साध्या पाण्यासाठी वापरता येते, पण एक अट आहे. काही बाटल्यांच्या बुडाशी निर्वाताचे छिद्र बंद करण्यासाठी शिसे असलेला डाख वापरलेला असतो. एरवी तो धातूच्या चकतीखाली झाकलेला असल्यामुळे पाण्याशी किंवा हाताशी त्याचा संबंध येत नाही. आपटल्यामुळे ती चकती निखळून आतला ठिपका उघडा पडला असेल, तर मात्र ती बाटली वापरू नये, विशेषतः मुलांच्या हाती देऊ नये. आणि दुहेरी भिंतीची बाटली, चांगली असो वा बिघडलेली, थेट आचेवर कधीही ठेवू नये; बंद फटीत शिरलेली हवा किंवा ओल तापून ती फुटू शकते.

प्रश्न : बाटली भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. एकेरी भिंतीच्या बाटलीचे बूड त्यामुळे फुगते आणि ती टेबलावर डुगडुगते, तर दुहेरी भिंतीच्या बाटलीचा सांधा सुटू शकतो. गार पाणी हवे असेल, तर बर्फाचे खडे आत टाकावेत.

प्रश्न : याच बाटलीत लिंबाचे सरबत, दूध किंवा सोडा नेता येईल का? तांब्याच्या बाटलीत?

उत्तर : चांगल्या स्टीलमध्ये सरबत काही तास ठेवायला हरकत नाही, मात्र रिकामी झाल्याबरोबर बाटली धुवावी. दूध कोमट स्थितीत तासन्‌तास राहिले, की जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून ते टाळावे. शिवाय त्याचा वास रिंगेत बसतो तो वेगळाच. सोड्यातील वायूमुळे आत दाब वाढतो आणि उघडताना झाकण उडण्याचा धोका असतो.

तांब्याच्या बाटलीत आंबट पदार्थ अजिबात ठेवू नयेत. आम्लात तांबे विरघळते, पदार्थ कळकतो आणि पोटात मळमळ, उलट्या असा त्रास होऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या बाटलीत आतून संरक्षक लेप दिलेला असतो. पोचा येऊन किंवा खरवडून तो लेप तडकला असेल, तर ती बाटली बाजूला काढावी.

प्रश्न : अशी बाटली किती वर्षांनी बदलावी?

उत्तर : वर्षांचा हिशेब येथे लागू होत नाही. बाहेरचा रंग उडणे, ओरखडे पडणे, अंगावर लहानसा पोचा येणे ही बदलण्याची कारणे नाहीत. ओठ लागतो त्या कडेपाशी रंगाचे पापुद्रे सुटत असतील, आत खड्डे पडले असतील, आटे झिजून नवे झाकणही बसत नसेल किंवा रिंग बदलून, धुऊनही पाण्याला धातूची चव येत राहिली असेल, तर मात्र बदलावी. नव्या बाटलीला पहिले काही दिवस येणारी चव यात धरू नये; ती बहुधा कारखान्यातील तेलाची आणि पॉलिशची असते आणि गरम साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर जाते. जुनी बाटली भंगारात देताना झाकण आणि रिंग काढून घ्यावी, म्हणजे उरलेले स्टील वितळवून पुन्हा वापरणे सोपे जाते. आणि झाकण चांगले असेल, तर त्याच मापाच्या दुसऱ्या बाटलीसाठी ते जपून ठेवावे.