वडिलांना बरेच महिने स्टेरॉइड द्यायचं ठरलंय. डॉक्टर आधी जंतांची तपासणी करा म्हणतात. मुंबईत राहणाऱ्या माणसाला याची खरंच गरज असते का?

असते. 'मुंबईत राहणाऱ्या' वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, मला हेच ऐकवलं होतं.

मामा मूळचे कोकणातले. लहानपणी शेतात, परसाकडे, सगळीकडे अनवाणी. पुढे गिरणीत लागले आणि जन्म लालबागच्या चाळीत गेला. म्हातारपणी दमा बळावला म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मग पोटदुखी, उलट्या, खोकला. खोकला वाढला की डोस वाढवायचे, डोस वाढला की मामा आणखी खंगायचे. मी तेव्हा परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. म्हटलं, शौचाची डबी आणून दे. दादा म्हणतो, "गाव सोडून जमाना झाला, फिल्टरचं पाणी पितात, आता कसले जंत?" अरे, फिल्टरचा काय संबंध? हा जंत मातीतून, पायाच्या कातडीतून शिरतो!

डबी आणली तीही फ्रिजमध्ये ठेवलेली. परत पाठवली, ताजी मागवली. सलाईनचा थेंब टाकून स्लाइड लावली, तर अळ्या. जिवंत, सापासारख्या वळवळणाऱ्या, शेजारचा कचरा ढकलत चाललेल्या. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत! याची मादी आतड्याच्या अस्तरात अंडी घालते, ती तिथेच फुटतात. काही अळ्या बाहेर न पडता आतडं भेदून रक्तात घुसतात, फुप्फुसातून फिरून पुन्हा आतड्यात येतात. म्हणून हा बिऱ्हाड कधी सोडतच नाही. दुसऱ्या महायुद्धात सयाम-बर्मा रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो तीस वर्षांनंतरही सापडलाय. प्रतिकारशक्ती धड असेतो गुपचूप राहतो. स्टेरॉइडने ती दबली की अळ्या बेसुमार वाढून अंगभर पसरतात, आतड्यातले जीवाणूही रक्तात नेतात, आणि मग माणूस हाती लागणं कठीण. मामांच्या थुंकीतसुद्धा निघाल्या. आयव्हरमेक्टिन हे त्यावरचं औषध वेळेत मिळालं म्हणून वाचले. दादा मात्र आजही पाहुण्यांना 'दम्याचा अटॅक' सांगतो.

एक रिपोर्ट निल आला म्हणून खूश होऊ नका. अळ्या रोज पडत नाहीत, वेगवेगळ्या दिवशीचे नमुने द्या. रक्तातली अँटिबॉडीची तपासणीही असते. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंत असले की बऱ्याचदा वाढतात, पण इओसिनोफिल वाढलेले नाहीत म्हणजे जंत नाहीत, हेही खोटं. स्टेरॉइडवर ते वाढतच नाहीत कित्येकदा. आणि "आम्ही दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल घेतो" हे दादाचं दुसरं पालुपद. त्या एका गोळीने बाकीचे जंत जातील, हा भरवशाने जात नाही.

मी डॉक्टर नाही. स्टेरॉइड तातडीचं असेल तर रिपोर्टसाठी अडवून धरू नका, डॉक्टर आधीच आयव्हरमेक्टिन देऊ शकतात. त्याचा डोस वजनावर ठरतो, दुकानातून आणून मनाने देऊ नका. चालू स्टेरॉइड तर परस्पर कधीच बंद करू नका.

बाकी वडील मूळचे कुठले, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.