सोव्हिएत संघात पगारांतली तफावत कमी होती, मग तिथे वर्गभेद होता असे का म्हणतात?

कारण पगाराच्या आकड्यांत तो भेद पुरता दिसत नाही. क्रांतीनंतर पक्षसदस्यांच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. पण १९३१ मध्ये स्टॅलिनने सरसकट समान वेतनाच्या धोरणावर जाहीर टीका केली आणि पुढच्याच वर्षी ती मर्यादा गाजावाजा न करता उठवण्यात आली. तरीही माझ्या मते रुबल हा दुय्यम मुद्दा होता, कारण दुकानात मालच नसेल तर खिशातल्या पैशांचा उपयोग मर्यादित राहतो. पक्षाच्या संमतीने भरल्या जाणाऱ्या पदांची जी यादी असे, तिला ‘नोमेनक्लातुरा’ म्हणत. त्यातल्या वरच्या पदांबरोबर राखीव दुकाने, स्वतंत्र रुग्णालये आणि शहराबाहेरचा सरकारी बंगला, म्हणजे ‘दाचा’, मिळत असे. पद गेले की बंगलाही जाई. वरिष्ठांना दुखवायला कोणी धजत नसे, यामागे हेही एक कारण असावे.

मात्र या चर्चेत साहेबांच्या बंगल्यांचीच वर्णने फार होतात आणि खेडे बाजूला राहते. डिसेंबर १९३२ मध्ये देशांतर्गत पासपोर्टची पद्धत सुरू झाली, तेव्हा तो शहरवासीयांना मिळाला, परंतु ‘कोलखोझ’ या सामूहिक शेतीसंस्थांतल्या बहुतेक शेतकऱ्यांना नाकारला गेला. त्यामुळे संस्थेच्या परवानगीवाचून गाव सोडून शहरात कायमचे राहायला जाणे त्यांना कायद्याने जवळजवळ अशक्य झाले. सर्व खेडुतांना पासपोर्ट देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला आणि वाटप १९७६ पासून सुरू झाले. मजुरीही ‘श्रमदिनां’च्या हिशेबाने, सरकारची सक्तीची वसुली भागल्यावर जे उरेल त्यातून मिळे, आणि तीही बरीचशी धान्यात. हमीचे मासिक वेतन १९६६ मध्ये आले. या शेतकऱ्यांसाठी सर्वसाधारण निवृत्तिवेतनाचा कायदाही १९६४ चा.

अशा घरात रोकड फारशी नसे, हे लक्षात घेतले म्हणजे शिक्षणशुल्काचा अर्थ कळतो. १९३६ च्या राज्यघटनेने मोफत शिक्षणाची ग्वाही दिली होती, तरी १९४० मध्ये आठवी ते दहावीच्या वर्गांना शुल्क लागू झाले: मॉस्को, लेनिनग्राडसारख्या शहरांत वर्षाला २०० रुबल, इतरत्र १५०. पगारदार अधिकाऱ्याला ही रक्कम जड नव्हती. वर्षाअखेरीस धान्याची पोती घरी आणणाऱ्याला ती कुठून आणायची, हाच प्रश्न होता. हे शुल्क १९५६ मध्ये रद्द झाले.