जेन्किन्समध्ये साखळीने जोडलेले तीन जॉब करावेत की एकच पाइपलाइन?

आपला प्रश्न मला असा समजला: एकाच गिट रेपॉझिटरीत (कोड आणि त्यातले बदल साठवण्याच्या जागेत) सर्व्हर, वेब आणि दोघांना लागणारी लायब्ररी असे तीन भाग आहेत; अशी कामे आपोआप चालवणाऱ्या जेन्किन्समध्ये बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे), टेस्ट आणि डिप्लॉयमेंट (तो प्रत्यक्ष वापरासाठी चढवणे) यांसाठी तीन फ्रीस्टाइल जॉब (जेन्किन्सच्या पानावर सेटिंग भरून केलेली कामे) एकामागोमाग जोडावेत की सगळे एकाच पाइपलाइनमध्ये (सर्व टप्पे कोडच्या रूपात लिहिलेल्या एका जॉबमध्ये) घ्यावे, आणि प्रत्येक ब्रँचसाठी (कोडच्या समांतर शाखेसाठी) निराळा जॉब करावा लागेल का. मी आपल्या जागी असतो तर बिल्ड आणि टेस्ट सर्व ब्रँच सांभाळणाऱ्या एकाच मल्टिब्रँच पाइपलाइनमध्ये ठेवले असते आणि डिप्लॉयमेंटसाठी मात्र स्वतंत्र जॉब केला असता.

साखळीतली खरी अडचण पहिल्या दिवशी दिसत नाही. फ्रीस्टाइल जॉबला स्वतःचे वर्कस्पेस (कामाचे फोल्डर) असते आणि कोड कुठून घ्यायचा याची स्वतःची सेटिंग असते. बिल्डचा जॉब एक कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) उचलतो, तो संपेपर्यंत कोणीतरी दुसरे कमिट पुश करते (रेपॉझिटरीत पाठवते) आणि टेस्टचा जॉब सुरू होतो तेव्हा तो ब्रँचच्या टोकाला जे असेल ते घेतो. म्हणजे बिल्ड एका कोडची झाली आणि टेस्ट दुसऱ्याच कोडची. मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तिथे या प्रकारामुळे दोन दिवस एका निर्दोष कमिटच्या मागे लागलो होतो, कारण लाल झालेला टेस्ट जॉब ज्या बिल्डखाली दिसत होता, तिच्याशी त्याचा प्रत्यक्षात काही संबंधच नव्हता. कमिटचा क्रमांक पुढच्या जॉबला देणारे आणि तयार फाइल एका जॉबमधून दुसऱ्यात आणणारे प्लगइन आहेत, त्यामुळे यावर उपाय नाही असे नाही. पण तीन जॉबच्या तीन पानांवर हे सगळे जुळवून ठेवायचे आणि सहा महिन्यांनी कोणी एक चौकट बदलली की पुन्हा शोधायचे, हे काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पाइपलाइनमध्ये सर्व टप्पे एकाच रनमध्ये चालतात आणि ज्या कमिटमधून जेन्किन्सफाइल (पाइपलाइनचे टप्पे लिहिलेली फाइल) वाचली गेली, तेच कमिट चेकआउट होते.

दुसरे कारण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. फ्रीस्टाइल जॉबची सेटिंग जेन्किन्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये एका एक्सएमएल फाइलमध्ये असते, आपल्या कोडसोबत नसते. समजा आपण मुख्य ब्रँचवर जावाची आवृत्ती वाढवली आणि आठवड्याने जुन्या रिलीज ब्रँचवर एक तातडीची दुरुस्ती करावी लागली, तर जॉब नव्या सेटिंगने जुना कोड बिल्ड करू पाहील. जेन्किन्सफाइल ब्रँचमध्येच असली की प्रत्येक ब्रँच आपली पद्धत आपल्यासोबत बाळगते, आणि पद्धतीतला बदलही कोडसारखाच रिव्ह्यूमधून जातो. २०१६ साली आलेल्या जेन्किन्सच्या दुसऱ्या आवृत्तीने पाइपलाइनला मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा मीही तिच्याकडे संशयाने पाहत होतो. जुन्या ब्रँचवरची पहिली दुरुस्ती करताना तो संशय गेला.

ब्रँचचा प्रश्न इथेच सुटतो. मल्टिब्रँच जॉब रेपॉझिटरी स्कॅन करतो, ज्या ब्रँचमध्ये जेन्किन्सफाइल असेल तिच्यासाठी स्वतःच उपजॉब तयार करतो आणि ब्रँच काढून टाकली की आपण ठरवलेल्या नियमानुसार तो उपजॉबही काढतो. वेबहुक (पुश होताच रेपॉझिटरीकडून जेन्किन्सला सूचना पाठवण्याची सोय) लावता आला तर उत्तम. जेन्किन्सचा सर्व्हर बाहेरून पोहोचण्याजोगा नसेल तर ठरावीक वेळाने स्कॅन करण्याची सोय वापरावी.

जेन्किन्सफाइल लिहिताना डिक्लेरेटिव्ह पद्धत (टप्पे ठरावीक साच्यात मांडण्याची) निवडावी, आणि तिच्यात शक्य तितके कमी लिहावे. तिच्यातला ग्रूव्ही या भाषेतला कोड एजंटवर (बिल्ड चालवण्यासाठी जोडलेल्या मशीनवर) चालत नाही, जेन्किन्सच्या मुख्य सर्व्हरवर चालतो. एजंटवर चालतात त्या तिच्यातून दिलेल्या शेल कमांड. त्यामुळे मोठी फाइल वाचून तिचा हिशेब ग्रूव्हीमध्ये करणे म्हणजे सगळ्या टीमच्या सामायिक सर्व्हरवर भार टाकणे होय. खरे काम रेपॉझिटरीतल्या स्क्रिप्टमध्ये असावे आणि ती स्क्रिप्ट डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवरही चालवता यावी. तसे झाले तर बिल्ड फुटल्यावर दुरुस्तीसाठी दर वेळी पुश करून वाट पाहावी लागत नाही.

आपले तीन भाग एकाच रेपॉझिटरीत असल्याने ‘जो भाग बदलला तोच बिल्ड करावा’ असा मोह होईल. बदललेल्या फाइलींवरून टप्पा वगळण्याची अट डिक्लेरेटिव्ह पाइपलाइनमध्ये आहे, परंतु नव्या ब्रँचच्या पहिल्या बिल्डला तुलनेसाठी आधीची बिल्ड नसते, म्हणून बदलांची यादी रिकामी येऊन सगळेच टप्पे वगळले जाऊ शकतात आणि काहीही न तपासता बिल्ड हिरवी दिसते. शिवाय लायब्ररी बदलली तर उरलेले दोन्ही भाग तपासायलाच हवेत. पूर्ण बिल्ड सोसवेल इतक्या वेळात होत असेल तर ही अट घालूच नये. सर्व्हर आणि वेब यांच्या टेस्ट समांतर चालवाव्यात, तेवढ्याने बहुधा भागते.

डिप्लॉयमेंट वेगळे ठेवण्याचे कारण असे की त्याचे अधिकार वेगळ्या लोकांकडे असतात आणि मागची आवृत्ती परत चढवायची वेळ येते तेव्हा पुन्हा बिल्ड करायची नसते. त्या जॉबने आवृत्तीचा क्रमांक पॅरामीटर म्हणून घ्यावा आणि तपासून झालेली, साठवून ठेवलेली फाइलच उचलावी. मंजुरीसाठी पाइपलाइनमध्येच थांबण्याचा टप्पा ठेवता येतो, हे खरे. पण सर्वात वर एकच एजंट नेमलेला असेल तर कोणी बटण दाबेपर्यंत, मग तो रविवार का असेना, एक एक्झिक्युटर (एका वेळी एक बिल्ड चालवण्याची जागा) अडकून राहतो. एजंट टप्प्यानुसार नेमला तर हे टळते.

बाकी सेटिंग चटकन सांगतो. प्रत्येक जॉबला वेळेची मर्यादा घालावी, जुन्या बिल्ड किती ठेवायच्या हे पहिल्याच दिवशी ठरवावे, पासवर्ड क्रेडेन्शियलमध्येच (जेन्किन्सच्या गुप्त माहितीच्या साठ्यातच) ठेवावेत आणि मुख्य सर्व्हरवरील एक्झिक्युटरची संख्या शून्य करावी, कारण तिथे चालणाऱ्या बिल्डला जेन्किन्सचे संपूर्ण होम फोल्डर वाचता येऊ शकते. फ्रीस्टाइल सर्वस्वी टाकाऊ आहे असेही नाही. रात्री जुन्या फाइली साफ करण्यासारखे, कोडच्या ब्रँचशी संबंध नसलेले एका ओळीचे काम मी आजही त्यातच ठेवतो.

सध्याचे जॉब लगेच काढू नका. नवी पाइपलाइन काही दिवस त्यांच्यासोबत चालवा, निकाल जुळू लागले की जुने जॉब डिसेबल करा आणि नव्या मार्गाने एक रिलीज बाहेर पडेपर्यंत तसेच राहू द्या. डिसेबल केलेल्या जॉबचा बिल्डचा इतिहास आणि लॉग उघडून पाहता येतात, डिलीट केलेल्याचे ते सोबतच जातात.