पहिल्या धड्याआधी घरी काय करावं?

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे आणि मुलगी ९ वर्षांची. पुढच्या महिन्यात त्याची फ्लूटची (कळा असलेल्या पाश्चात्य आडव्या बासरीची) आणि तिची पियानोची शिकवणी सुरू होतेय. शिक्षक दोघांना वेगवेगळं, एकेकट्याला शिकवणार आहेत. आम्हा नवरा-बायकोला संगीतातलं काही कळत नाही. मुलं मागे पडू नयेत म्हणून इंटरनेटवरून नोटेशन (सूर लिहायची लिपी) शिकवून ठेवू का? – एक आई

उत्तर : नोटेशन राहू द्या. मी दोन्ही वाद्यं शिकवते. आधीच घोकून आलेलं मूल डोळ्यांनी अक्षरं शोधत बसतं आणि ऐकायचं विसरतं. ती सवय मोडण्यात माझा फार वेळ जातो. त्यापेक्षा दोघांबरोबर गा. एक ओळ तुम्ही म्हणा, तीच त्यांनी म्हणायची. चालताना पावलांच्या ठेक्यावर टाळ्या वाजवा. तुमचा सूर पक्का नसला तरी चालेल. सूर वर गेला की खाली आला हे ज्याला गाऊन कळतं, ते मूल चुकलेला स्वर स्वतःच पकडतं.

एकेकट्याच्या शिकवणीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. भरल्या वर्गात न कळलेलं लपून जातं. इथे एक अनोळखी मोठं माणूस पूर्ण वेळ फक्त तुमच्या मुलाकडे बघत असतं. अशा वेळी मुलं भीतीने ‘हो, कळलं’ म्हणून मान डोलावतात आणि घरी येऊन तेच चुकीचं आठवडाभर वाजवतात. म्हणून आत्तापासून त्यांच्या तोंडी काही वाक्यं बसवा : ‘कळलं नाही, परत दाखवाल का?’, ‘हात दुखतोय’, ‘चक्कर येतेय’. शिक्षकांनी ‘सराव केलास का?’ असं विचारलं तर उत्तर मुलालाच देऊ द्या, मध्ये तुम्ही बोलू नका. सुरुवातीचे धडे खोलीत बसून ऐका आणि शिक्षक काय करायला सांगतात ते वहीत टिपून घ्या. पालकांनी बसायला कोणी ठाम नकार देत असेल, तर मी तरी तिथे मूल पाठवणार नाही.

आता फ्लूट. नेहमीची फ्लूट सुमारे ६७ सेंटिमीटर लांब असते. ७ वर्षांच्या मुलाला उजवा हात फार ताणावा लागतो, मग मान वाकडी होते आणि खांदा चढतो. लहानांसाठी वळवलेल्या हेड जॉइंटची, म्हणजे फुंकायच्या टोकाचा तुकडा वळवलेली, फ्लूट मिळते. तिची नळी वळून मागे येते, त्यामुळे कळा हाताजवळ येतात. घ्यायच्या आधी शिक्षकांना विचारा. तोवर रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर घालून आवाज काढायला लावा. फ्लूटमध्येही फुंकर अशीच समोरच्या कडेवर आपटून सूर निघतो. बाटलीत थोडं थोडं पाणी ओतत गेलं की सूर चढत जातो, मुलांना हे फार आवडतं. पण थोडाच वेळ, कारण सारखं फुंकलं की गरगरतं. वाजवण्याआधी चूळ भरायची सवयही लावा. गोड खाल्लेल्या तोंडाने फुंकलं तर कळांखालचे पॅड चिकट होतात.

त्याचे पुढचे दुधाचे दात हलत किंवा पडत असतील तर शिक्षकांना आधीच सांगा. ओठांमागचा आधार बदलला की काल येणारा सूर आज येत नाही आणि मुलाला वाटतं, आपणच बिघडवलं. त्यातून घरात ताई पियानोवर बसणार. पियानोची पट्टी कोणीही दाबली तरी पहिल्याच दिवशी स्वच्छ स्वर येतो. फ्लूटवर तसा स्वर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. हे त्याला आधी समजावून सांगा आणि दोघांची तुलना कोणालाही, अगदी पाहुण्यांनाही, करू देऊ नका. सरावाच्या वेळाही वेगळ्या ठेवा. रोज ठरलेल्या वेळी १० मिनिटं पुरेत.

मुलीची नखं कापलेली असू द्या, वाढलेल्या नखांनी बोटं आडवी पडतात. स्टूलवर बसल्यावर कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यावं आणि पाय लोंबकळत असतील तर खाली भक्कम पाट द्यावा. एक गोष्ट मात्र खेळ म्हणून शिकवाच, पियानोत बोटांना दिलेले आकडे : दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५.

घरी वाद्य घेताना पट्ट्यांच्या संख्येकडे आधी बघू नका. पियानोला ८८ असतात, पण सुरुवातीला ६१ चालतात. पियानोत हातोडी तारेवर आदळते. पट्टी जितक्या वेगाने दाबाल तितका आवाज मोठा. हळू किंवा जोरात, कसंही दाबलं तरी एकसारखाच वाजणारा की-बोर्ड घेतलात तर हे तिच्या बोटांना कधी कळणारच नाही. दुकानात दोन्ही तऱ्हेने दाबून बघा आणि जमलं तर पैसे देण्याआधी शिक्षकांना एकदा वाजवून बघायला सांगा.