पहिल्यांदाच थेरपीला जाताय?

‘थेरपिस्टकडे पहिली भेट ठरलीय आणि पोटात गोळा आलाय’ असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला माझाच पहिला दिवस आठवला. मी जिन्यातूनच परत फिरणार होतो.

पहिलं सत्र म्हणजे बहुतेक चौकशीच: झोप, भूक, घर, नोकरी, जुनी आजारपणं. साधारण पाऊण ते एक तास. ‘काहीच घडलं नाही’ म्हणून दुसरी भेट रद्द करू नका. नवखे इथेच गळतात.

दुसरी चूक म्हणजे तयार उत्तराची अपेक्षा. ‘नोकरी सोडू का?’ याला थेरपिस्ट हो-नाही म्हणत नाहीत. उलट तुम्हालाच विचारतात, कधी नुसते गप्प बसतात. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा तो राग त्यांच्यासमोरच बोलून टाकला आणि खरं काम तिथून सुरू झालं.

एवढं पाहा:
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बिनधास्त विचारा.
- गोळ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. चालू गोळी मनानेच बंद करू नका.
- फी आणि भेट रद्द करण्याचे नियम आधीच बोलून घ्या.

एखाद्या सत्रानंतर जास्तच रडू येईल. होतं तसं. त्या संध्याकाळी घरी पाहुणे नकोत! चार-पाच भेटींनंतरही सूर जुळला नाही तर थेरपिस्ट बदला, पण त्यांना सांगून. आणि मधेच जीव नकोसा झाला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.