अर्थखात्यातून रिझर्व्ह बँकेत, आणि परत

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करीत आहे. सरकारात किंवा रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी आय.ए.एस. व्हावेच लागते का? आणि एकच व्यक्ती कधी सरकारात तर कधी बँकेत असली, तर तिची निष्ठा नेमकी कोणाशी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आय.ए.एस. होण्याची गरज नाही. केंद्र सरकारात १९६१पासून भारतीय आर्थिक सेवा ही स्वतंत्र सेवा असून तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. रिझर्व्ह बँकही आपल्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची वेगळी भरती करते. सुरुवातीची बरीच वर्षे आकडे तपासण्यात आणि वरिष्ठांच्या सहीने जाणारी टिपणे लिहिण्यात जातात, हे मुलीला आधीच सांगून ठेवलेले बरे.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. डॉ. मनमोहन सिंग १९७२ मध्ये मुख्य आर्थिक सल्लागार झाले, १९८२ ते १९८५ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि १९९१ मध्ये अर्थमंत्री झाले. त्या काळी केंद्राची रोख शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली, की ‘ॲड हॉक’ ट्रेझरी बिले (सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे) आपोआप निघत आणि ती रिझर्व्ह बँकेला घ्यावीच लागत. १९७४पासून त्यांचा व्याजदरही ४.६ टक्क्यांवर गोठलेला होता. म्हणजे तूट सरकारची, पैसा बँकेचा आणि मध्ये हटकणारे कोणीही नाही! तात्पुरत्या नडीसाठी केलेली ही सोय हळूहळू कायमची होऊन बसली, आणि अशा नव्या पैशाने महागाईला खतपाणी मिळण्याचा धोका होताच. सप्टेंबर १९९४ मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला, तेव्हा अर्थमंत्री मनमोहन सिंग होते, तर गव्हर्नरपदी प्राध्यापकीतून १९८२ मध्ये उपगव्हर्नर म्हणून बँकेत आलेले डॉ. चक्रवर्ती रंगराजन होते. १ एप्रिल १९९७पासून ही बिले थांबली आणि त्यांच्या जागी, कमाल मर्यादा आणि परतफेडीची मुदत असलेली उचल आली.

सरकारचा हात आखडता घेणाऱ्या या कराराला संमती देणारा अर्थमंत्री स्वतः कधीकाळी गव्हर्नर होता, ही बाब मला निष्ठेच्या चर्चेपेक्षा बोलकी वाटते. दोन्हीकडचा अनुभव असलेल्याला पलीकडच्याची अडचण समजावून सांगावी लागत नाही. मात्र ज्या खुर्चीवर तो बसला आहे तिची बाजू त्याने ठामपणे मांडलीच पाहिजे, आणि ते प्रत्येकाला साधतेच असे नाही.

मुलीने महागाईवर केंद्राची आर्थिक पाहणी आणि रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचावा. जुन्या वर्षांच्या प्रतींसाठी गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात चौकशी करावी; १९९० ते १९९७ या वर्षांपासून सुरुवात केल्यास वरील करारामागची निकड तिला त्या आकड्यांतूनच उमगेल.