एक लाख ऐंशी हजारांतले गिरगावात किती?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझी जाऊ गिरगावात घरीच मसाले आणि दिवाळीचा फराळ करून विकतो. मागच्या वर्षी फराळाचे ९० डबे गेले, डबा ६५० रुपयांना. या वर्षी मुलगा म्हणतो, इन्स्टाग्रामवर जाहिरात करू. खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाशी त्याने बोलणं केलंय. १ लाख ८० हजार फॉलोअर्स आहेत. एक रील आणि दोन स्टोऱ्यांचे २५ हजार मागतो, वर दोन डबे. पैसे सगळे आधी. ‘पेड आहे असं लिहिणार नाही, म्हणजे लोकांना खरं वाटेल,’ असंही म्हणाला. आमचे हे म्हणतात, पैसे पाण्यात जातील. अशा लोकांवर भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, ठाकूरद्वार

उत्तर : वहिनी, तुम्ही आकड्यांसकट लिहिलंत ते बरं केलंत. त्यामुळे मलाही कागद-पेन घेऊन बसता आलं.

मी बावीस वर्षं लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत काढली. दुसऱ्याचे पैसे कुठे लावायचे ते ठरवायचं आणि लावलेले खरोखर लागले का ते बघायचं, हे माझं काम. माहीम कॉजवेला होर्डिंग घेतलं की ठेकेदार फोटो पाठवायचा. फोटोत एक माणूस त्या दिवसाचा पेपर हातात धरून उभा, तारीख दिसावी म्हणून. तरीही आमचे साहेब मला रात्री टॅक्सीने पाठवायचे, दिवे लागलेत का बघायला. भाड्यात दिव्यांचे पैसे धरलेले असायचे, आणि निदान तीनदा तरी मी अंधारातलं होर्डिंग पाहून परत आले आहे. तेव्हापासून कुणी मोठा आकडा सांगितला की मी मनात विचारते, दिवे लागलेत का?

तर या मुलाचे दिवे बघा. तुमच्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा आणि इन्साइट्स (म्हणजे खात्याची आकडेवारी इन्स्टाग्राम मालकाला दाखवतं ते पान) त्याच्याच फोनवर उघडायला सांगा. स्क्रीनशॉट नको, तो कुणाचाही असू शकतो. व्हिडिओ बघणारे कोणत्या शहरांतले आणि कोणत्या वयाचे, हे तिथे दिसतं. मुंबई वरच्या पाचांत नसेल तर चहा पाजा आणि निरोप द्या. मग त्याच्या शेवटच्या दहा रील्स बघा, विशेषतः पैसे घेऊन केलेल्या. वडापावच्या रीलला दोन लाख व्ह्यूज आणि जाहिरातीच्या रीलला चार हजार, असं असेल तर तुम्हाला ते चार हजारच मिळणार.

कॉमेंट्स मात्र मोजू नका, वाचा. ‘सुपर’, ‘वॉव’, तीन बदाम आणि एक आगीचं चित्र, याला काही किंमत नाही. ‘दादरला कुठे मिळेल?’, ‘तूप की डालडा?’, ‘मागच्या वेळी चकली मऊ पडली होती’ असं विचारणारे असतील तर तिथे गिऱ्हाईक आहे. भांडणारं गिऱ्हाईकसुद्धा गिऱ्हाईकच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. निवृत्तीनंतर भाचीच्या साड्यांचं प्रदर्शन पार्ल्याला होतं. नव्वद हजार फॉलोअर्सवाल्या एका बाईंना आम्ही १२ हजार दिले. चारशेच्या वर कॉमेंट्स आल्या आणि आम्ही हुरळलो. प्रदर्शनाला त्या रीलवरून अकरा जणी आल्या, त्यातल्या नऊ आमच्याच नात्यातल्या. नंतर निवांत बसून पाहिलं तर त्याच तीसेक बायका एकमेकींच्या प्रत्येक रीलवर कॉमेंट करत होत्या. भिशीच ती, फक्त पैशांऐवजी कौतुकाची. आणि मी, बावीस वर्षं होर्डिंगचे दिवे तपासणारी, एकदाही खाली स्क्रोल करून बघितलं नव्हतं.

या मुलाने आधी कुणासाठी काम केलंय तेही विचारा, आणि त्यातल्या दोघांना फोन करा. ‘रील कशी झाली?’ असं विचारू नका. ‘पुढच्या वेळी पुन्हा पैसे द्याल का?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक सभ्यपणे खोटं बोलतात. दुसऱ्याला जरा थांबतात, आणि तेवढ्यात कळतं.

‘पेड असं लिहिणार नाही’ हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. त्याला वाटतं ही तुमच्यावर मेहेरबानी आहे. भारतीय जाहिरात मानक परिषद, आपल्या मुंबईतलीच, १९८५ सालची. तिचा १४ जून २०२१ पासूनचा नियम आहे की पैसे घेतले असोत वा फुकट वस्तू, बघणाऱ्याला ही जाहिरात आहे हे सहज दिसलं पाहिजे. अर्ध्या मिनिटाची रील असेल तर ती पाटी निदान दहा सेकंद हवी. त्यानंतर जून २०२२ मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंही आली. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो माल विकणाऱ्यालाही. तुमच्या करंज्यांसाठी दिल्लीहून कुणी धाड घालेल असं मी म्हणत नाही. पण जो मुलगा स्वतःच्या १ लाख ८० हजार माणसांपासून लपवायला तयार आहे, तो तुम्हाला खरे आकडे का दाखवेल? तो दोन डबे चाखून मग बोलणार की डबा हातात धरून नुसताच ‘अप्रतिम’ म्हणणार, हेही विचारून ठेवा.

आता हिशेब. सामान, गॅस, डबा, पोचवणं जाऊन ६५० च्या डब्यात २०० सुटत असतील असं धरू. (जास्त सुटत असतील तर मला कळवा, मीही चकल्या तळायला घेते.) २५ हजार भरून काढायला १२५ डबे हवेत, मागच्या वर्षीच्या ९० च्या वर. म्हणजे रील चालली तरी २१५ डबे झाल्यावर तुम्ही फक्त बरोबरीत याल. दोघी जणी, दोन शेगड्या, एक सोऱ्या आणि पंधरा दिवस. होईल? आणि ऑर्डर नागपूर-नाशिकहून आल्या तर कुरियरमध्ये चकलीचा भुगा होणार, आणि त्याचा फोटो टाकणाऱ्याला कुणी पैसे द्यावे लागत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी हा सौदा केला नसता. गिरगावातल्याच गल्ल्यांचे व्हिडिओ टाकणारं, पाच-सात हजार फॉलोअर्सचं एखादं खातं शोधलं असतं. त्याला दोनेक हजार आणि एक डबा, अर्धे आधी, अर्धे रील लागल्यावर, ‘जाहिरात’ अशी पाटी लावून. ऑर्डरसाठी जावेचा नंबर द्या, जो दुसरीकडे कुठेच दिलेला नाही. त्या नंबरवर किती फोन आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. पूर्वी आम्ही पेपरात ‘हे कूपन कापून आणा’ छापायचो ते याचसाठी. आणि जाहिरात नंतर, आधी डब्यावर तुमचा अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक छापलेला आहे ना ते बघा.

प्रश्न : माझा मुलगा एका यूट्यूबवाल्याच्या सांगण्यावरून शेअर घेतो. त्या माणसाची गाडी, घर पाहून तो भारावलाय. मी काय सांगू?
– एक वडील, मुलुंड

उत्तर : गाडीबद्दल बोलू नका, त्यावरून नुसतं भांडण होईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी; त्या माणसाचा सेबीचा नोंदणी क्रमांक मुलाला शोधायला सांगा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘INA’ या अक्षरांनी सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘INH’ने. सेबीच्या वेबसाइटवर तो नावासकट ताडून बघता येतो. व्हिडिओखालच्या माहितीत क्रमांक नसेल आणि ‘फक्त शिक्षणासाठी’ एवढंच लिहून खाली टेलिग्रामच्या पेड ग्रुपची लिंक असेल, तर मुलाला विचारा की तो माणूस शेअरवर कमावतो की तुझ्या वर्गणीवर. उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला शोधू दे.